हिस्पॅनिक म्हणजे नक्की कोण, आणि अमेरिकेत ते एवढे वाढले कसे?

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आमच्याकडे डॅलसला लिंबाएवढ्या गारा पडल्या आणि घराच्या छताची पार वाट लागली. इन्शुरन्सचा माणूस येऊन फोटो काढून गेला, पैसे मंजूर झाले, आणि एका मंगळवारी सकाळी साडेसहाला दारात दोन पिकअप ट्रक येऊन उभे राहिले. आठ जण उतरले, दहा वाजेपर्यंत जुनं छप्पर खाली आणि अंधार पडायच्या आत नवीन छप्पर वर, शिवाय गवतात चुंबकाचं चाकवालं दांडकं फिरवून पडलेले खिळे पण वेचून झाले. मुंबईत आमच्या बिल्डिंगच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग अडीच महिने चाललेलं मला आठवतंय, त्यामुळे मी दिवसभर खिडकीतून बघतच बसलो होतो.

त्या आठ जणांत एका घरातल्या तीन पिढ्या होत्या. आजोबा सत्तरीचे, ते वर चढत नव्हते, खाली सावलीत बसून शिंगल्सचे, म्हणजे छतावर ठोकायच्या पातळ पट्ट्यांचे, गठ्ठे सोडून द्यायचे. मुलगा पन्नाशीच्या आतला, तो मुकादम. आणि नातू एकोणीस वर्षांचा, कॉलेजला सुट्टी म्हणून आलेला. आजोबांना इंग्लिश अजिबात नाही, बापाला कामापुरतं, आणि नातू माझ्याशी असं अस्सल टेक्सन इंग्लिश बोलत होता की माझंच इंग्लिश त्याला दोनदा रिपीट करायला सांगावं लागलं. मी आपलं सवयीने विचारलं, मेक्सिकोत कुठले तुम्ही? तो म्हणाला आजोबा सान लुइस पोतोसीचे, मी गार्लंडचा. गार्लंड म्हणजे आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. मेक्सिको त्याने अजून पाहिलेलाच नाही.

त्याच रात्री पुण्याहून काकांचा फोन. ‘अरे, तिकडे मेक्सिकन फार वाढलेत म्हणे, बॉर्डरवरून रोज लोंढे येतायत, टीव्हीवर दाखवत होते.’ फोनवर मी हो ला हो केलं, पण नंतर विचार करत बसलो, की ही वाढ नक्की कुठून आली? बॉर्डरवरून, की गार्लंडच्या प्रसूतिगृहातून? दोन्हीकडून, पण प्रमाण आणि क्रम लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच वेगळा आहे, म्हणून म्हटलं एकदा बैजवार लिहून काढू.

आधी आकडे, कारण ते खरंच मोठे आहेत. १९८० च्या जनगणनेत अमेरिकेत हिस्पॅनिक लोक होते १ कोटी ४६ लाख, म्हणजे शंभरात साडेसहा सुद्धा नाहीत. १९९० ला २ कोटी २४ लाख, २००० ला ३ कोटी ५३ लाख, २०१० ला ५ कोटी ५ लाख, २०२० ला ६ कोटी २१ लाख. २०२४ चा सरकारी अंदाज ६ कोटी ८० लाख आहे, म्हणजे आता पाचातला एक माणूस. २०१० ते २०२० या दहा वर्षांत अख्ख्या अमेरिकेची लोकसंख्या जेवढी वाढली त्यातली निम्म्याहून किंचित जास्त वाढ एकट्या या गटाची होती. टेक्ससमध्ये तर २०२२ च्या अंदाजानुसार ते बिगर-हिस्पॅनिक गोऱ्यांच्या पुढे गेले, कॅलिफोर्नियात ते आधीच झालं होतं. आणि यात अमेरिकेच्याच ताब्यातल्या प्युर्टो रिको बेटावरची ३२-३३ लाख माणसं धरलेलीच नाहीत, ती वेगळी मोजतात.

आता हे ‘हिस्पॅनिक’ प्रकरण काय आहे ते बघू, कारण इथेच बहुतेकांचा घोळ होतो आणि माझाही बरीच वर्षं होता. ही जात नाही, धर्म नाही, वंश नाही, एक देशही नाही. ज्याचं मूळ स्पॅनिश बोलणाऱ्या देशातलं आहे तो हिस्पॅनिक, मग तो मेक्सिकोच्या डोंगरातला मूळनिवासी असो, डॉमिनिकन रिपब्लिकचा काळा माणूस असो, नाहीतर ज्याचे पणजोबा इटलीहून आले असा अर्जेंटिनाचा गोरापान माणूस असो. ‘लॅटिनो’ म्हणजे लॅटिन अमेरिकेतला. त्यामुळे काटेकोर बोलायचं तर माद्रिदचा माणूस हिस्पॅनिक पण लॅटिनो नाही, आणि ब्राझीलचा माणूस लॅटिनो पण हिस्पॅनिक नाही, कारण ब्राझीलची भाषा पोर्तुगीज. सरकारी फॉर्मवर मात्र दोन्ही शब्द एकच धरतात आणि ब्राझीलवाल्यांना बाहेर ठेवतात.

पोर्तुगीज म्हटलं की आपलाच संबंध येतो. माझ्या ऑफिसात म्हापशाचा एक फर्नांडिस आहे, त्याला वर्षातून चार-पाच फोन तरी थेट स्पॅनिशमध्ये येतात. त्याचं ठरलेलं उत्तर आहे की बाबा माझ्या आडनावाच्या शेवटी एस आहे, झेड नाही. आणि ते खरंय, गोम्स-गोमेझ, रॉड्रिग्स-रॉड्रिगेझ, पेरेस-पेरेझ ही सगळी एकाच मुळाची आडनावं, एस लावला की पोर्तुगीज आणि झेड लावला की स्पॅनिश. त्या दिवशी छतावरचा मुकादम एका पोराला ‘पगार’, ‘पगार’ असं काहीतरी ओरडून सांगत होता, माझे कान टवकारले. नातवाला विचारलं तर म्हणाला, पगार म्हणजे पैसे देणं, बाबा म्हणतायत शुक्रवारी देतो. आपल्याकडे तो शब्द पोर्तुगीजांनी आणला, स्पॅनिशमध्येही तो सेमच. मी त्याला म्हटलं आमच्यात पण पगारच म्हणतात, तर त्याचा विश्वासच बसेना.

बरं, ब्राझीलवरून एक किस्सा सांगायलाच हवा. जनगणना खातं दरवर्षी एक मोठा सर्व्हे करतं, त्यात कोणी ब्राझीलच्या माणसाने ‘हो मी हिस्पॅनिक’ अशी खूण केली तरी ऑफिसात बसून ती मागाहून ‘नाही’ अशी बदलतात. २०२० च्या सर्व्हेत ही दुरुस्ती करताना चूक झाली आणि खरी उत्तरं तशीच राहिली, तेव्हा कळलं की कमीत कमी ४ लाख १६ हजार ब्राझिलियन स्वतःला हिस्पॅनिक किंवा लॅटिनो म्हणवतात. आदल्या वर्षीचा आकडा होता फक्त १४ हजार. म्हणजे माणसं तीच, उत्तर तेच, फक्त ऑफिसातली एक पायरी राहिली. माझ्या मते हा गट समजायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

हा रकाना आला कुठून? १९३० च्या जनगणनेत ‘मेक्सिकन’ हा चक्क एक वंश म्हणून टाकला होता. मेक्सिकोच्या सरकारने आणि इथल्या मेक्सिकन संघटनांनी बोंब मारली, कारण त्या काळात गोरे नसणं म्हणजे शाळा, हॉटेल, मतदान सगळीकडे दरवाजे बंद, म्हणून १९४० ला तो काढून टाकला आणि त्यांना परत गोऱ्यांत धरलं. १९७० ला थोड्या घरांपुरता एक नवीन प्रश्न विचारून बघितला, त्यात एक पर्याय होता ‘सेंट्रल किंवा साउथ अमेरिकन’, आणि झालं काय तर अलाबामा-मिसिसिपीकडच्या, कॅन्सससारख्या मधल्या राज्यांतल्या साध्या गोऱ्या-काळ्या लोकांनी विचार केला की आपण अमेरिकेच्या दक्षिणेत राहतो, मध्यभागी राहतो, म्हणजे हे आपणच, आणि बिनधास्त खूण करून मोकळे झाले. अशा लाखो चुकीच्या नोंदी झाल्या! मग १९७६ ला संसदेने कायदा केला की स्पॅनिश मूळ असलेल्या लोकांची आकडेवारी वेगळी ठेवा, १९७७ ला सरकारी व्याख्या ठरली, आणि १९८० पासून प्रत्येक घराला हा प्रश्न जायला लागला.

यात एक गोष्ट लक्षात घ्या, तोपर्यंत हे लोक स्वतःला हिस्पॅनिक वगैरे म्हणत नव्हते. लॉस एंजेलिसचा माणूस मेक्सिकन, न्यूयॉर्कचा प्युर्टो रिकन, मायामीचा क्यूबन, तिघांची एकमेकांशी ओळखपण नव्हती, राजकारण तर पूर्ण वेगळं. पण वेगळे वेगळे राहिले तर वॉशिंग्टनमध्ये कोणी विचारत नाही, आणि एकत्र मोजलं की आकडा मोठा दिसतो, निधी मिळतो, मतदारसंघ मिळतात. कार्यकर्त्यांना ते हवं होतं, सरकारला सोपी पाटी हवी होती, आणि स्पॅनिश टीव्ही चॅनलला जाहिरातदारांना दाखवायला देशभराचा एकच प्रेक्षक हवा होता, तिघांच्या सोयीतून हा शब्द रुजला. आजही बहुतेक जण स्वतःची ओळख आधी देशाच्या नावाने सांगतात, मेक्सिकन, साल्वाडोरन, कोलंबियन, आणि मग कुठेतरी हिस्पॅनिक किंवा लॅटिनो. ‘लॅटिनेक्स’ हा विद्यापीठातला नवा शब्द तर शंभरात तीन-चार लोकच वापरतात.

आपल्याला हसायला नको, आपली गत वेगळी नव्हती. भारतीयांना अमेरिकन जनगणनेने १९२० ते १९४० ‘हिंदू’ नावाच्या वंशात टाकलं, मग तो शीख असो की मुसलमान, १९७० ला गोऱ्यांत धरलं, आणि १९८० ला ‘एशियन इंडियन’ हा रकाना दिला. मी २०२० चा फॉर्म भरला तेव्हा हिस्पॅनिक आहात का, नाही, आणि पुढच्या वंशाच्या प्रश्नात एशियन इंडियन, दहा सेकंदांत मोकळा झालो. हिस्पॅनिक माणसाची गंमत अशी की पहिल्या प्रश्नाला हो म्हटल्यावर दुसऱ्यात पुन्हा वंश विचारतात, आणि तिथे गोरा, काळा, मूळनिवासी, आशियाई असे पर्याय, त्यातलं काहीच धड लागू पडत नाही. मग बरेच जण ‘इतर’वर खूण करतात. २०१० ला निम्म्याहून जास्त हिस्पॅनिकांनी फक्त ‘गोरा’ लिहिलं होतं, २ कोटी ६७ लाख लोकांनी. २०२० ला तो आकडा झाला १ कोटी २६ लाख. दहा वर्षांत १ कोटी ४० लाख गोरे हिस्पॅनिक गायब! गेले कुठेच नाहीत, वंशाच्या प्रश्नाखाली लिहायला जागा वाढवली होती, कोणी ‘गोरा’वर खूण करून खाली ‘मेक्सिकन’ लिहिलं की त्याला ‘गोरा अधिक इतर’ असं मिश्र धरलं. पेपरात मात्र हेडलाइन आल्या की अमेरिकेतले गोरे कमी झाले. २०३० ला हे दोन्ही प्रश्न एकत्र करून एकच प्रश्न विचारायचं २०२४ ला ठरलंय, म्हणजे आकडे परत उड्या मारणार.

आता मुख्य मुद्दा, वाढ. यातले काही लोक तर कुठून आलेलेच नाहीत. १८४८ ला युद्धानंतर ग्वादालुपे इदाल्गोचा तह झाला आणि मेक्सिकोचा अर्ध्याहून जास्त भूभाग अमेरिकेला गेला, कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको, ॲरिझोना हे सगळं, तिथे राहणारी ऐंशी हजार ते लाखभर माणसं घरात बसल्या बसल्या अमेरिकन झाली. ती लोकं म्हणतात आम्ही बॉर्डर ओलांडली नाही, बॉर्डरने आम्हाला ओलांडलं. न्यू मेक्सिको राज्यात आजही जवळजवळ निम्मे लोक हिस्पॅनिक आहेत ते उगीच नाही. प्युर्टो रिको १८९८ ला स्पेनकडून मिळालं आणि १९१७ पासून तिथले लोक जन्मतः अमेरिकन नागरिक आहेत, त्यांना व्हिसाबिसाचा प्रश्नच नाही, २०१७ ला मारिया चक्रीवादळात बेटाचं वाटोळं झालं तर कितीतरी कुटुंबं सरळ विमानात बसून फ्लोरिडात ऑरलँडोजवळ येऊन राहिली. तरी त्यांना सुद्धा रस्त्यात कोणीतरी म्हणतंच, परत जा तुमच्या देशात!

मेक्सिकोचं मात्र बघण्यासारखं आहे, कारण एकूण हिस्पॅनिकांत साधारण साठ टक्के मेक्सिकन मुळाचे. आमच्या छतावाल्या आजोबांकडे परत येतो. ते सत्तरच्या दशकात तरुणपणी यायचे, त्यांचे वडील त्याआधी ‘ब्रासेरो’ होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत शेतावर माणसं नव्हती म्हणून १९४२ ला मेक्सिकोशी करार झाला, हंगामी मजूर आणायचे आणि परत पाठवायचे, १९६४ पर्यंत ते चाललं आणि ४५ लाखांहून जास्त करार झाले. मग ती योजना बंद केली, १९६५ ला नवीन कायदा आला ज्याने आशियातल्या लोकांना दार उघडलं (आपण भारतीय इथे आहोत ते त्याच कायद्यामुळे) पण त्याच कायद्याने लॅटिन अमेरिकेतून येणाऱ्यांवर पहिल्यांदाच संख्येची मर्यादा घातली. शेतं तीच, मुकादम तेच, मजूर तेच, गरज तीच, फक्त कालपर्यंत जे कायदेशीर होतं ते बेकायदेशीर झालं. आजोबा तरीही यायचे, कांदे काढायचे, डिसेंबरला घरी जायचे, मार्चमध्ये परत. बायकापोरं गावाकडे. नातू सांगत होता की आजोबांना इथे राहायचंच नव्हतं कधी, त्यांना गावात दोन खोल्या बांधायच्या होत्या, बस.

मग उलटं झालं कसं? १९८६ ला एक कायदा झाला, त्यात जवळपास २७ लाख लोकांना कागद मिळाले, त्यातले बहुतेक मेक्सिकन, आणि त्याच वेळी बॉर्डर आवळायला सुरुवात झाली, नव्वदच्या दशकात कुंपण, गाड्या, पोलीस सगळं वाढलं. डग्लस मॅसी म्हणून प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी वर्षानुवर्षं मेक्सिकन गावांचा अभ्यास करून दाखवलं की याचा परिणाम येण्यावर फारसा झाला नाही, जाण्यावर झाला. एकदा आत आलेला माणूस म्हणायला लागला की आता घरी गेलो तर परत येताना वाळवंटातून जावं लागेल, दलालाला हजारो डॉलर द्यावे लागतील, जीव जाईल, त्यापेक्षा इथेच थांबतो आणि बायकोपोरांनाच बोलावून घेतो. ये-जा करणारे पुरुष कायमची कुटुंबं झाली. लोकं आत येऊ नयेत म्हणून लावलेल्या कडीने लोकं आत अडकली. मला स्वतःला हा सगळ्या विषयातला सगळ्यात डोकं चक्रावणारा भाग वाटतो आणि टीव्हीवर कोणी याबद्दल बोलत नाही.

कुटुंबं आली म्हणजे मुलं झाली. आलेले लोक तरुण, विशी-तिशीचे, त्यामुळे जन्म जास्त आणि मृत्यू कमी, लोकसंख्या नुसती वयामुळेच वाढते. २००० ते २०१० या काळात अमेरिकेतले मेक्सिकन मुळाचे लोक वाढले त्यात इथे जन्मलेली मुलं होती ७२ लाख आणि नवीन आलेले लोक ४२ लाख. त्यानंतर तर २००८ च्या मंदीत बांधकाम बंद पडलं आणि २००९ ते २०१४ मध्ये मेक्सिकोतून जेवढे आले त्यापेक्षा जास्त परत गेले. हो, परत गेले. आणि मेक्सिकोत पण आता तेवढी पोरं कुठे आहेत, १९७० च्या सुमारास तिथे बाईमागे सरासरी सात मुलं होती, आता दोनच्याही खाली.

इथल्या हिस्पॅनिक बायकांचं पण तेच. २००७ च्या आसपास त्यांचा जननदर तीनच्या जवळ होता, २०२० पर्यंत दोनच्या खाली आला, एवढी मोठी घसरण दुसऱ्या कुठल्याच गटात नाही. किशोरवयीन मुलींची बाळंतपणं तर एक तृतीयांशावर आली. तरी अमेरिकेतल्या दर चार बाळांतलं एक हिस्पॅनिक असतं, कारण आया व्हायच्या वयाच्या बायकाच जास्त आहेत. वयाचं एक भारी उदाहरण आहे, २०१८ ला हिशोब केला होता की प्रत्येक गटात सगळ्यात जास्त माणसं कुठल्या वयाची आहेत, तर गोऱ्यांत ५८ आणि हिस्पॅनिकांत ११! एकीकडे रिटायरमेंटची पार्टी आणि दुसरीकडे पाचवी-सहावीचा वर्ग. ती अकरा वर्षांची पोरं आता मतदार झालीत.

२०२१ नंतर चित्र परत थोडं बदललं हे पण सांगायला हवं, नाहीतर काका म्हणतील मी एकच बाजू सांगतो. व्हेनेझुएला, होंडुरास, ग्वाटेमाला, कोलंबिया, क्यूबा इथून खूप लोक आले, त्यामुळे वाढीत बाहेरून येणाऱ्यांचा वाटा पुन्हा वर गेला, आणि २०२५ पासून सरकारने ते दार जोरात लावून घेतलंय. टीव्हीवर जे लोंढे दिसले ते खोटे नव्हते. पण एकूण गटाकडे बघितलं तर दोन तृतीयांश लोक इथेच जन्मलेले आणि पाचातले चार नागरिक आहेत. ‘हिस्पॅनिक’ ऐकल्यावर जर डोळ्यासमोर बिनकागदाचा माणूस येत असेल तर हे चित्र तपासून घ्यायला हवं.

राहतात कुठे? कॅलिफोर्निया आणि टेक्सस मिळून पावणेतीन कोटींच्या आसपास, मग फ्लोरिडा, न्यूयॉर्क. पण २०१० ते २०२० मध्ये टक्केवारीने सगळ्यात जास्त वाढ कुठे झाली असेल? नॉर्थ डाकोटा! जिथे हिवाळ्यात नळाचं पाणी गोठतं तिथे साडेतेरा हजाराचे तेहतीस हजार झाले, खनिज तेलाच्या कामामुळे. तसंच कॅन्ससमधलं डॉज सिटी, जे जुन्या काउबॉयच्या गोष्टींतलं गाव, तिथे आता बहुसंख्य लोक हिस्पॅनिक आहेत कारण तिथे बीफचे मोठे कारखाने आहेत आणि थंडगार हॉलमध्ये दिवसभर सुरी चालवायचं काम करायला दुसरं कोणी तयार नाही.

कामाचं बोलायचं तर बांधकामात जवळपास एक तृतीयांश कामगार हिस्पॅनिक. छताचं काम देशातल्या सगळ्यात जीवघेण्या कामांत मोडतं, आणि २०२२ मध्ये कामावर मरणाऱ्यांचं प्रमाण सगळ्या कामगारांत दर लाखामागे ३.७ असताना हिस्पॅनिकांत ४.६ होतं. माझ्या छतावर आठ जणांत दोरी दोघांनीच बांधली होती, मी नातवाला म्हटलं तर तो हसला फक्त. पैशाचं म्हणाल तर २०२३ ला त्यांच्या घराचं मधलं उत्पन्न साडेपासष्ट हजार डॉलर आणि बिगर-हिस्पॅनिक गोऱ्यांचं ८९ हजार, म्हणजे फरक मोठाच आहे. गरिबी मात्र १९९४ च्या ३० टक्क्यांवरून २०२३ ला १७ च्या आत आली. शिक्षणात तर उडीच आहे, २००० साली शाळा अर्धवट सोडणारी पोरं २८ टक्के होती, २०२१ पर्यंत ८ टक्क्यांच्याही खाली. पदवीपर्यंत पोचणारे अजून पाचात एकच. आणि हे सगळे सरासरीचे आकडे, ज्यात व्हेनेझुएलाचे लोक पण आले ज्यांच्यात निम्म्याहून जास्त पदवीधर आहेत, आणि मेक्सिकन पण आले ज्यांच्यात सहा-सातांत एक. अशी सरासरी काढून नक्की कोणाबद्दल बोलतोय आपण हे मला बऱ्याचदा कळत नाही.

तब्येतीचं एक कोडं आहे. पैसे कमी, हेल्थ इन्शुरन्स नसलेले सगळ्यात जास्त यांच्यात, डायबेटिस जास्त, मग आयुष्य कमी असायला हवं ना? उलट. २०१९ ला हिस्पॅनिकांचं सरासरी आयुर्मान जवळपास ८२ आणि गोऱ्यांचं ७९ च्या आत. ऐंशीच्या दशकापासून संशोधक यावर डोकं खाजवतायत. सिगरेट कमी ओढतात हे एक मोठं कारण, दुसरं म्हणजे देश सोडून एवढ्या लांब कामाला येतो तो मुळात धडधाकट माणूसच येतो, आणि काही जण म्हातारपणी मरायला गावी जातात त्यामुळे इथल्या नोंदीत येत नाहीत. एकत्र कुटुंबाचा आधार वगैरे पण सांगतात. पण कोविडने हे सगळं धुऊन काढलं, दोन वर्षांत आयुर्मान चार वर्षांनी खाली, कारण घरात माणसं जास्त आणि कामं अशी की जी घरून करता येत नाहीत. छप्पर झूमवर घालता येत नाही. २०२२ ला ते परत ८० वर आलं.

धर्माचं थोडक्यात, सगळे कॅथलिक हा समज आता जुना झाला, २०१० ला ६७ टक्के होते ते २०२२ ला ४३, आणि ‘कुठलाच धर्म नाही’ म्हणणारे १० वरून ३० टक्क्यांवर.

भाषा हा विषय आपल्या जवळचा. घरी स्पॅनिश बोलणारे २००० ला ७८ टक्के होते, आता ६८ च्या आसपास. तिसऱ्या पिढीपर्यंत भाषा जातेच जवळजवळ. अशा पोरांना चिडवायला एक शब्द आहे, ‘नो साबो’. ‘मला माहीत नाही’ याला स्पॅनिशमध्ये ‘नो से’ म्हणतात, पण इंग्लिशमध्ये वाढलेलं पोर नियम लावून ‘नो साबो’ म्हणतं. त्या दिवशी नातू आजोबांना काहीतरी असंच चुकीचं बोलला आणि आजोबा गठ्ठा सोडता सोडता एवढे हसले की खोकला आला. मला आमच्या महाराष्ट्र मंडळाची गणपतीची नाटकं आठवली, तिथे पण पोरं ‘माझा आई आली’ म्हणतात आणि मागे बसलेल्या आज्या तोंडाला पदर लावतात. आमच्या घरी मी मराठीत विचारतो आणि लेक इंग्लिशमध्ये उत्तर देते, तिला सगळं कळतं पण ओठावर येत नाही, त्यांच्याकडेही हेच. फरक एवढाच की त्यांच्याकडे चार कोटींहून जास्त लोक घरी स्पॅनिश बोलतात, रेडिओ आहे, टीव्ही आहे, सुपरमार्केट आहे, आणि तरीही भाषा निसटतेच आहे.

भाषेबरोबर रकाना पण निसटतो. २०१५ ला नवीन लग्न झालेल्या इथे जन्मलेल्या हिस्पॅनिकांत शंभरातल्या ३९ जणांनी गटाबाहेर लग्न केलं होतं. मग मुलं, नातवंडं. एका मोठ्या सर्व्हेत दिसलं की ज्यांच्या पूर्वजांत कोणी हिस्पॅनिक होतं पण स्वतः चौथ्या पिढीचे आहेत, त्यातले निम्मेच स्वतःला हिस्पॅनिक म्हणतात. उरलेले नुसते अमेरिकन. म्हणजे एका दाराने बाळं आत येतायत आणि मागच्या दाराने पणतवंडं गुपचूप बाहेर पडतायत, आणि ती कोणी मोजत नाही कारण ती स्वतःच सांगत नाहीत. उलट काही मोजायलाच राहतात, २०२० च्या जनगणनेत हिस्पॅनिकांची मोजणी जवळपास ५ टक्क्यांनी कमी झाली हे खात्याने स्वतःच नंतर कबूल केलं.

मतांचं पण तेच, पक्ष वर्षानुवर्षं समजून चालले होते की हे लोक वाढले की डेमोक्रॅट्सचं राज्य पक्कं. टेक्ससच्या टोकाला बॉर्डरवर स्टार काउंटी आहे, शंभरातले ९७ हिस्पॅनिक. २०१६ ला हिलरी क्लिंटनना तिथे ७९ टक्के मतं, २०२० ला बायडेनना ५२, आणि २०२४ ला तिथे ट्रम्प जिंकले, रिपब्लिकन उमेदवार तिथे जिंकायची शंभराहून जास्त वर्षांतली पहिली वेळ. बॉर्डरवर राहणाऱ्यांनाच बॉर्डरवरची गर्दी नको होती, शिवाय तेलाच्या नोकऱ्या, महागाई, चर्च, ज्याची त्याची कारणं. ‘हिस्पॅनिक मत’ असं काही एक गाठोडं नाही हे सगळ्यांना त्या रात्री कळलं.

तर २०६० ला अमेरिकेतले २७ टक्के लोक हिस्पॅनिक असतील असा जनगणना खात्याचा अंदाज आहे, तो चुकीचा म्हणत नाही मी, पण त्यात गृहीत असं धरलंय की आजचा रकाना तेव्हाही तसाच असेल आणि आज ज्याच्या नावापुढे खूण आहे त्याची नातवंडंही तीच खूण करतील. आडनावं बघायची तर २०१० ला देशातल्या पहिल्या दहा आडनावांत गार्सिया, रॉड्रिगेझ आणि मार्टिनेझ तिघंही होती, स्मिथ-जॉन्सनच्या रांगेत. पण उद्या एखादा गार्सिया स्वतःला काय म्हणवेल ते आडनावावरून कळणार नाही.

मागच्या महिन्यात छताच्या कडेची पन्हळ तुंबून लटकली होती, म्हणून परत त्याच मुकादमाला फोन केला. नातू एकटाच आला शिडी घेऊन. कॉलेज सुरू आहे, शनिवारी काम करतो म्हणाला. गार्लंडमध्ये व्हिएतनामी वस्ती मोठी आहे, त्याची मैत्रीण तिथलीच, शाळेपासूनची, आता लग्न झालंय आणि मार्चमध्ये बाळ येणार आहे. मी म्हटलं अरे मग २०३० चा फॉर्म भरताना बाळाचं काय लिहिणार? त्याने शिडी सरकवत विचार केला आणि म्हणाला, ‘तो फॉर्म आमच्याकडे बायको भरते.’